किसन वस्तादांचा दुसरा चेला

किसन वस्ताद गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. सुखदेवला ते त्याच घटकेला कळलं होतं, कारण वस्ताद गेले ते त्याच्याच घरी, खामगावला, त्याच्या खाटेवर. माणूस गेल्यानंतर त्याच्याविषयी लिहायला बसलं की सुरुवात अशी करू नये हे मला कळतं. पण महिना दीड महिना झाला, कितीदा कागद फाडला, आणि दर वेळी पहिलं वाक्य हेच आलं. तेव्हा म्हटलं, असू दे. वस्तादांपुढे मी बारा वर्षं खोटा वागलो, निदान त्यांच्या माघारी तरी नको.

मी धामणगाव बढ्याच्या शाळेत कवायत शिकवतो. त्या सकाळी सातवीचा वर्ग मैदानावर होता. खामगावच्या गाडीतून उतरलेला आमच्या गावचा एक ओळखीचा माणूस कुंपणापाशी थांबला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे वस्ताद वारले ना... परवा. त्या सुखदेवच्या इथं होते म्हणे दोन महिन्यापासून." मी शिट्टी वाजवली, मुलं सावधानमध्ये उभी राहिली, आणि मी 'विश्राम' म्हणायचं विसरलो. किती वेळ गेला कोण जाणे. उन्हात चाळीस मुलं ताठ उभी, आणि मी एवढाच विचार करतोय, दोन महिने! दोन महिने वस्ताद त्याच्याकडे होते आणि मला कोणी एक पोस्टकार्ड टाकलं नाही. दुःख नंतर आलं. आधी हे आलं.

आमचं घर जळगाव जामोदचं. वडिलांची जमीन चांगली, काळी, घरात दुधातुपाची ददात नाही. राज्य नवं झालं त्या सुमारास मी मॅट्रिकला एकदा आपटून घरी बसलो होतो, आणि अंगात रग होती. गावाबाहेर नाल्याच्या काठी किसन वस्तादांचा आखाडा होता. म्हणजे काय, चार लिंबाची झाडं, कुडाची एक खोली, कोनाड्यात मारुती आणि मध्ये चाळून चाळून पिठासारखी केलेली माती. वस्ताद जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. रुईच्या गाठी उचलायचं काम. चाळिशीचा माणूस, फार उंच नाही, बायको लवकर गेलेली, एक मुलगी होती ती सासरी. पहाटे आखाडा, मग जिन, मग परत आखाडा. पहिल्या दिवशी मी घरून तुपाची बरणी घेऊन गेलो होतो, गुरुदक्षिणा म्हणून. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, म्हणाले, "तूप चोखट हाय. घरी घेऊन जा. इथं फक्त आंग घेऊन येत जाय."

आणि मग सहा महिने मला त्यांनी एकही डाव दाखवला नाही. नुसतं पडायला शिकवलं. पुढे पडायचं, मागे पडायचं, कुशीवर पडायचं, पडताना मान कशी राखायची, श्वास कुठे सोडायचा. मी चिडून म्हणालो, "वस्ताद, मी पाडाले शिकाले आलो, पडाले नाही." ते माती सारखी करत होते, वर न बघता म्हणाले, "ज्याले पडाचं भेव वाटते ना बे पल्हाद, तो दुसऱ्याच्या आंगात शिरतच नाही. दुरूनच ढकलाढकली करते." तेव्हा मला ते पटलं नाही. पण सहा महिन्यांनी जेव्हा पहिल्यांदा समोरच्याच्या कमरेत हात घातला, तेव्हा कळलं की भीती नावाची गोष्ट अंगातून निघून गेली आहे. दोन वर्षांत मी त्या आखाड्यातला पहिला पैलवान झालो. जत्रेच्या फडात दोनदा नारळ आणि फेटा घेतला. वस्ताद माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "हात चांगला हाय तुहा." ती थाप मला पुढच्या थापेपर्यंत पुरायची. मी सांगतो ना, दोन वर्षं मी त्या माणसाचा एकटा होतो. निदान मला तसं वाटत होतं.

मग सुखदेव आला. बौद्धपुऱ्यातला पोरगा, माझ्याहून वर्षाभरानं लहान असेल, जिनात नवीनच लागलेला. एक दिवस थप्पीवरून गाठ घसरली, खाली दोन माणसं होती. सगळे ओरडले. सुखदेव ओरडला नाही, तिला अडवायलाही गेला नाही. तो तिच्या बाजूला सरकला, खांदा लावला आणि तिला तिच्याच वजनानं वळवून भिंतीवर घातलं. वस्तादांनी हे पाहिलं. त्या संध्याकाळी ते त्याला बरोबर घेऊनच आखाड्यात आले. आम्ही आठदहा जण लंगोट बांधून उभे होतो. सुखदेवनं कोनाड्यातल्या मारुतीला हात जोडले नाहीत. त्याच्या घरच्यांनी दीक्षा घेतली होती, तो जोडणार नव्हताच. तो खाली वाकला, मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी गावातली तीन मोठी माणसं आली. त्यात माझे काका होते. म्हणाले, "वस्ताद, आखाड्याची माती बाटवता काय?" वस्तादांनी मूठभर माती उचलली आणि काकांपुढे धरली. "याच्यात तुमच्या पुतन्याचा घाम हाय, त्याचाही हाय. दोन्ही वेगवेगळा काढून दाखवा. मंग मी त्याले काढतो." मी बाजूलाच उभा होतो, आणि मला वस्तादांचा अभिमान वाटायला हवा होता. मला फक्त एवढंच ऐकू आलं की त्यांनी माझं नाव घेतलं नाही. 'तुमच्या पुतन्याचा' म्हणाले.

सुखदेवशी माझी लढत रोज व्हायची. आणि मी जिंकायचो. चारातल्या तीन तरी. तो हाडापेरानं मजबूत होता पण माझ्याइतकं खाल्लेलं अंग नव्हतं त्याचं. मी त्याला चीत केला की वस्ताद येऊन माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि मग त्याच्याजवळ उकिडवे बसायचे. त्याचा पंजा हातात घेऊन, बोट न् बोट सरकवून, हळू आवाजात काहीतरी सांगायचे. दहा दहा मिनिटं. मी अंगावरची माती पुसत, कान टवकारून, लिंबाखाली उभा. मला शाबासकी मिळायची आणि त्याला विद्या. एकदा तर मी मुद्दाम हरलो. पाठीवर पडून राहिलो आणि वाट पाहिली की आता वस्ताद माझ्याजवळ येऊन बसतील. ते आलेही. माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "खोटं पडू नको पल्हाद. मातीले समजते." आणि वळून गेले...

त्या उन्हाळ्यात हंगाम संपून जिन बंद झालं. वस्तादांकडे राखणीचं काम होतं, शेडच्या किल्ल्या त्यांच्यापाशी असत. आमच्या मळ्यातला पहिला आंबा उतरला तेव्हा आईनं टोपली भरून दिली, म्हणाली, वस्तादांना नेऊन दे. भर दुपार. जिनाच्या आवारात चिटपाखरू नव्हतं. शेडचं दार आतून लावलेलं, पण आतून आवाज येत होता. मी मागच्या बाजूला गेलो. तिथल्या टिनाला फट होती.

आत जमिनीवर रुईची घाण, म्हणजे टाकाऊ कापूस, पडली होती, गादीसारखी जाड. वस्तादांच्या हातात काठी होती. ते सुखदेववर खरोखर मारल्यासारखी काठी चालवत होते आणि सुखदेव मागे पळण्याऐवजी आत शिरत होता, काठीच्या आत, त्यांच्या छातीला चिकटून. मग त्यांनी काठी टाकली, मागून त्याचे दोन्ही दंड आवळले, आणि ओरडले, "आता? चार जन हायत. एकानं धरलं, तिघं मारून राह्यले. आता काय करशीन?" सुखदेव खाली बसला, वळला, कसा निसटला ते मला आजही नीट सांगता येत नाही. आणि त्याच झटक्यात वस्ताद रुईवर पाठीवर पडले. किसन वस्तादांची पाठ. मी दोन वर्षांत त्यांची पाठ जमिनीला लागलेली पाहिली नव्हती. ते पडले आणि हसायला लागले, लहान मुलासारखे, पोट धरून. आखाड्यात ते कधी हसत नसत. पडल्यापडल्याच म्हणाले, "आता पय! उभा काऊन हायस? मारत बसू नको, सुटला की पय!"

आज मला कळतं की ते काय शिकवत होते. फडातल्या कुस्तीला पंच असतो, हलगी असते, चीत झालं की संपतं. सुखदेवला ज्या कुस्तीला तोंड द्यावं लागणार होतं तिला पंच नव्हता. मला तिची गरज कधी पडणार नव्हती, म्हणून मला ती शिकवली नव्हती. इतकं सोपं होतं. पण त्या दुपारी टिनाच्या फटीला डोळा लावून मला एकच दिसलं, की वस्तादांनी एक विद्या राखून ठेवली होती, आणि ती मला नाही, त्याला दिली, दार लावून. मी टोपली घेऊन नाल्यावर गेलो आणि सगळे आंबे एकट्यानं खाल्ले. पोट दुखेपर्यंत. घरी सांगितलं, दिले.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी काकांच्या ओसरीवर चार माणसं बसली होती. मी म्हणालो, "वस्ताद सुखदेवले लाठी शिकवून राह्यले, जिनाच्या शेडमंदी, दार लावून." एवढं खरं होतं. सगळे गप्प झाले. त्या गप्प होण्यात मला अशी काही गोडी वाटली की मी आणखी एक वाक्य जोडलं. म्हणालो, "सुखदेव म्हनते, आता एकेकाले पाहून घेतो." हे तो कधीच म्हणाला नव्हता. जातीचा माझ्या मनात काही विचार नव्हता असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. पण माझा मत्सर कुठे नेऊन ठेवला की त्याला हातपाय फुटतील, हे मला बरोबर ठाऊक होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, सुखदेवला नाल्याच्या उतारावर चौघांनी गाठलं. त्याच्या हातात बाजाराची पिशवी होती. एकानं मागून धरलं. तो खाली बसला, वळला, निसटला, खांद्यावर एक काठी खाल्ली आणि पळाला. जिनापर्यंत पळाला, वस्तादांकडे. कोणाला त्यानं एक चापटसुद्धा मारली नव्हती. शिकवलं होतं तसंच केलं. खांदा मात्र उतरला होता, तो वस्तादांनी बसवला. दोन दिवसांनी सकाळी आम्ही आखाड्यात गेलो तर माती उकरून नाल्यात फेकलेली, आणि खड्ड्यात बोराटीच्या काटेरी फांद्या भरलेल्या. वस्तादांनी कोनाड्यातला मारुती फडक्यात बांधला, आणि म्हणाले, "झालं. जा आपापल्या घरी."

मी मागे रेंगाळलो. मला वाटलं आता ते विचारतील. ते जवळ आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू आता पुन्हा परीक्षेले बस. तुले शिकवाले माह्यापाशी काही राह्यलं नाही." या वाक्याचे मी बारा वर्षं दोन अर्थ लावत आलो. तू तयार झालास, हा एक. दुसरा तुम्हाला कळलाच असेल.

मी मॅट्रिक झालो, कवायतीचं प्रशिक्षण घेतलं, नोकरी लागली, लग्न झालं. सुखदेव खामगावच्या प्रेसमध्ये, म्हणजे रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, लागला आणि तिथं त्यानं आपल्या वस्तीत आखाडा काढला असं कानावर येई. त्याच्या चेल्यानं कुठं कुस्ती मारली की मी बोलणं दुसरीकडे वळवी. वस्तादांना मी वर्षादोनवर्षांतून भेटायचो. रुईच्या धुळीनं त्यांची छाती गेली होती, बोलताना धाप लागे. आमचं बोलणं पाऊसपाण्याचं. निघताना ते नेहमी दारापर्यंत यायचे आणि चौकटीला टेकून उभे राहायचे, मी वळणापलीकडे जाईपर्यंत. मला वाटायचं, म्हातारा आता एकटा आहे, म्हणून थांबतो.

बातमी कळली त्याच दुपारी मी गाडी धरली. सुखदेवचं घर विचारत विचारत वस्तीत गेलो. अंगणात माणसं बसली होती, बरीचशी तरुण, पिळदार मानेची, डोळे सुजलेली. मला कोणी ओळखत नव्हतं. वस्तादांच्या चेल्यांच्या घोळक्यात मी पाहुणा होतो. सुखदेव उठून आला. केस अर्धे पांढरे, एक खांदा किंचित खाली. "या प्रल्हादभाऊ," म्हणाला, "बसा." त्याच्या बायकोनं पाणी दिलं. ती म्हणाली शेवटचे पंधरा दिवस वस्तादांना आडवं झोपता येत नव्हतं, मग हे पाठीला पाठ लावून बसत, रात्र रात्र. मी ते ऐकलं आणि मला... काय सांगू, मला त्या पाठीचा हेवा वाटला.

मग मी विचारलं, विचारू नये ते. "माही आठवन काढली काय वस्तादांनी?"

"हाव. लय वेळा."

"मंग पत्र काऊन नाही टाकलं?"

"मी दोनदा म्हनलं, बोलावू काय. ते म्हने, नको. त्याले आपल्या मनानं येऊ दे."

माझ्यानं राहवलं नाही. इतक्या माणसांत, पाण्याचा पेला हातात धरून, मी म्हणालो, "सुखदेव, त्या वक्ती काकाच्या ओसरीवर मीच..."

"मालूम हाय मले," तो म्हणाला. शांतपणे, आवाज न चढवता.

"कधीपासून?"

"खांदा बसवला ना, त्याच रोजपासून. वस्तादांनीच सांगतलं. त्या दुपारी शेडच्या टिनाखालून तुमचे पाय दिसले होते त्यायले. वस्ताद पायावरून मानूस वळखत. मंग दोन दिवसांनी मले मारलं, तवा त्यायनं हिशोब जोडला."

"तुले राग नाही आला?"

"आला ना. भल्ला आला. मी निंघालोच होतो तुमच्या घराकडे. त्यायनं दारात आडवं होऊन मले थांबवलं. म्हने, तो तुह्याआधी आला माह्यापाशी. त्याचं मन राखाले पाह्यजे होतं, ते मी राखलं नाही. चूक माही हाय, माराचं तं मले मार. मंग म्हने, तो येईन एक रोज सांगाले. तू त्याले आधी कळू देऊ नको, त्याचं सांगनं वाया जाईन."

म्हणून ते चौकटीला टेकून उभे राहत. दर खेपेला. मी वळणापलीकडे जाईपर्यंत त्यांना वाटत असणार, आता मागे फिरेल.

मी तिथं रडलो, पुष्कळ रडलो, पण खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो. रडताना आत कुठेतरी तेच जुनं कुरतडत होतं. वस्तादांनी मला माफ केलं होतं, मला आपला म्हटलं होतं, आणि ते त्यांनी मला नाही सांगितलं, त्याला सांगितलं. माझा गुन्हासुद्धा त्यांनी सुखदेवजवळच सांभाळायला दिला होता. बारा वर्षं त्यानं तो सांभाळला, कोणाला दाखवला नाही. माझ्या हातून ते झालं नसतं. हे वस्तादांना ठाऊक असणार, म्हणून तर...

निघताना सुखदेव मला घरामागच्या आखाड्यावर घेऊन गेला. वर पत्रा, चाळलेली माती, कोनाडा रिकामा. मी चपला काढल्या. म्हणालो, "सुखदेव, मागून धरल्यावर कसं सुटाचं, ते दाखव मले."

तो म्हणाला, "आता? या कपड्यावर?"

"आता."

त्यानं मागून माझे दंड आवळले. मी तिशी ओलांडलेला, पोट सुटलेला मास्तर. धडपडलो, सुटलो नाही. त्यानं सोडलं, समोर आला आणि माझ्या मानेच्या मागे आपला पंजा ठेवला, जरासा दाब देऊन, मान खाली येईल इतकाच. वस्ताद डाव सांगायच्या आधी असाच हात ठेवायचे. बोटं कानामागे, अंगठा मणक्यावर. मी मान खाली घातली ती वर केली नाही. सुखदेव हळू आवाजात सांगायला लागला, आधी श्वास सोडा, मग टाच कुठे, मग कंबर कुठे. दहा मिनिटं तरी सांगत होता.

आता मी दर रविवारी सकाळच्या गाडीनं खामगावला जातो. अजून मला ते नीट जमलेलं नाही. त्याच्या विशीतल्या पोरांना जमतं, आणि मी काठावर बसून त्यांच्याकडे बघतो, आणि मला त्यांचाही हेवा वाटतो. मग सुखदेव हाक मारतो, "या प्रल्हादभाऊ, तुमची पाळी." मी उठतो, मातीला हात लावतो, आणि त्याच्यापुढे मान खाली घालून उभा राहतो.